उतारावरची चावी

मी बॅटरीवाला जोतीराम. सत्त्याण्णव साली लोणी देवकरच्या आमच्या शेडमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी तयार होत होती. रस्त्यावर चाचणीला काढली की ती रोज एकाच जागी, इंदापूरच्या वाटेवरच्या ओढ्यापाशी, फ्यूज उडवून बसायची. मोटारवाले म्हणायचे बॅटरी खराब, मी म्हणायचो मोटार खराब. शेवटी आमचं एका गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे ड्रायव्हर खराब.

ड्रायव्हर म्हणजे लासुर्ण्याचे तात्याबा. माळेगावच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस ओढण्यात त्यांचे केस पिकलेले. शेडच्या साहेबांनी फर्मावलं, "शुक्रवारी बारामतीचे पाहुणे गाडी बघायला येणार. त्याआधी कारण लेखी द्या. दोष ड्रायव्हरचा असेल तर त्याला घरी पाठवू."

लेखी द्यायचं काम साजिया मॅडमकडं आलं. इंदापुरात सायकलचं दुकान चालवणाऱ्या खाजाभाईंची ही लेक आमच्याकडं सिस्टीम इंजिनिअर होती. मोटार यांची नाही, बॅटरी यांची नाही, मग यांचं काम तरी काय, असं मी एकदा तोंडावर विचारलं होतं. "सगळं मिळून गाडी होते का, ते बघायचं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मला ते काही पटलं नव्हतं.

मॅडम वही घेऊन गाडीत मागं बसल्या. तात्याबांची चूक सापडताना बघायला मीही बसलो. ओढ्याचा उतार लागला तशी तात्याबांनी चावी बंद केली. गाडी घरंगळत खाली आली, चढ लागताच त्यांनी चावी फिरवली आणि फ्यूज उडाला.

"तात्या, हितं काय डिझेल हाय का वाचवायला?" मी खेकसलो.

"न्हाय. पर तीस वर्सं उताराला हात आपसूक चावीवर जातुया," तात्याबा म्हणाले. मग मॅडमकडं न बघताच त्यांनी विचारलं, "म्हंजी मी आता घरी जायाचं व्हय?"

मॅडम लिहीत राहिल्या. तो कागद मी दुपारी वाचला. 'दोष ड्रायव्हरचा नाही, आमचा आहे. या भागातले बहुतेक ड्रायव्हर उतारावर चावी बंद करतात. ते लक्षात न घेता आम्ही गाडी केली. दुरुस्ती गाडीत होईल.' वाचून मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे दोन दिवस मॅडम मोटारीला करंट सोडणाऱ्या कंट्रोलरच्या डब्यात डोकं घालून बसल्या. चाकं फिरत असताना चावी लावली की करंट एकदम घुसून फ्यूज उडायचा; आता तो हळूहळूच जावा, अशी सोय त्यांनी केली.

शुक्रवारी पाहुणे गाडीत बसले. मॅडम तात्याबांना म्हणाल्या, "तात्या, रोज चालवता तशीच चालवा." उतारावर त्यांचा हात चावीकडं गेला, मधेच थबकला, मग त्यांनी ती बंद केली. ओढ्यापाशी चावी फिरली आणि गाडी गुमान चढ चढून गेली. पाहुणे सीटच्या रंगाबद्दल बोलत होते, त्यांना पत्ताच नाही.

परत आल्यावर एका पाहुण्यानं हळूच मला विचारलं, "या मॅडमचं काम काय असतं?"

"मघाशी ओढ्यापाशी जे झालं न्हाय ना," मी म्हणालो, "ते यांचं काम."

पाहुण्याला काही कळलं नाही. तात्याबांनी मात्र टोपी काढली आणि मॅडमसमोर हात जोडले.