बेडकांच्या पोटातला पत्ता

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला कुणी बिचारा म्हणू नये. मित्रांनो, माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. निपाणीच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं कांद्याचा पापुद्रा दाखवला. मुलं "सर, दिसलं" म्हणायची. निम्म्यांना स्वतःच्या पापण्याच दिसायच्या. पुढे पडद्यावाली यंत्रं आली आणि माझी रवानगी ओल आलेल्या कपाटात झाली. भिंगावर बुरशी चढली. राग आला, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं श्रद्धाने. ती सदलग्याची, बेडकांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करणारी. तिने मऊ कापडाने माझं भिंग पुसलं (एक डाग तेवढा राहिला), कॉलेजच्या सरांना विचारलं आणि मला घरी नेलं. मला वीज लागत नाही; आरशावर ऊन पडलं की पुरे.

घरात तिची आज्जी तारामती. घर जैनांचं. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे, ही आज्जीची रोजची रीत. बेडकांनाही तिने तोच नियम लावला होता. मारायचं नाही, आणि जिथला बेडूक तिथंच परत सोडायचा. म्हणून श्रद्धा फक्त त्यांची विष्ठा तपासायची.

एका खेपेला एकाच जातीचे बारा बेडूक आले. सहा मळ्यातल्या विहिरीतले, सहा गुंजीच्या रानातले, दोन वेगळ्या बादल्यांत. दुपारी श्रद्धा बाहेर गेली आणि आज्जीला त्यांची दाटी बघवेना. तिने सगळे एका मोठ्या घंगाळात सोडले, तेही गाळलेल्या पाण्यात. श्रद्धा परत आली ती उंबऱ्यावरच बसली. बाराही तोंडं सारखीच होती.

चूक कळल्यावर आज्जी म्हणाली, "जिथला जीव तिथं पोचस्तवर दूध सोडलं मी."

ती एकवेळ जेवणारी, दूध हाच तिचा आधार. श्रद्धा घाबरली आणि तिने मला उन्हात मांडलं.

विहिरीतल्या बेडकांत चपटे जंत असतात, कारण ते आधी पाण्यातल्या गोगलगायींत वाढतात. रानातल्या बेडकांत गोल जंत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून कातडीत शिरतात. हे श्रद्धाने वर्षभर बघून ठेवलं होतं. एका दुपारच्या शेजाराने पोटातली वस्ती बदलत नाही. प्रत्येक बेडूक वेगळ्या बरणीत ठेवून आम्ही तीन दिवस बघत राहिलो. सहांत चपट्या जंतांची, झाकण असलेली अंडी निघाली, पाचांत वळवळत्या अळ्या. बाराव्यात काहीच नाही. म्हणजे तो गुंजीचाच, असं श्रद्धा म्हणाली. आज्जीने नकारार्थी मान हलवली. "अंदाजानं न्हाय सोडायचं."

चौथ्या दिवशी, बाराव्याच्या विष्ठेत, माझ्या बुरशीच्या डागाआड एक अळी हलली. श्रद्धाने काच जराशी सरकवली आणि ती स्पष्ट दिसली. मला आनंद झाला. असं मी सहसा कबूल करत नाही.

श्रद्धा सहा बेडूक गुंजीला सोडून आली, उरलेले विहिरीत गेले. आज्जीने पेलाभर दूध संपवलं आणि मग माझ्यात डोळा घातला. बराच वेळ बघत होती.

"ह्यांचं घर बेडूक, आन् बेडकाचं घर ती जागा. व्हय गं?"

"व्हय, आज्जी."

"मग हे कुठनं आणलंयस?" तिचं बोट माझ्यावर होतं.

"कॉलेजच्या कपाटातनं."

"मग हे बी जिथलं तिथं ठिवून ये."

नियम तो नियम. मी पुन्हा त्याच ओल्या कपाटात आहे. मित्रांनो, ज्याला त्याला त्याच्या जागी जरूर पोचवा. फक्त त्याआधी एकदा त्या जागेच्या भिंतीला हात लावून बघा.