सहा फुटांवरून काढलेली दाढ

“मी सांगतो ते तुमच्यापैकी एकालाबी खरं वाटणार न्हाई,” पुंजाजी ओट्यावर टेकत म्हणाला, “म्हणून आधीच सांगतो, मधी बोलायचं न्हाई.”

ऐकायला दोघंच होती. बायको यशोदाबाई आणि तिचा धाकटा भाऊ परमेश्वर. दोघांना एकच ऐकायचं होतं, दाढ निघाली की नाही. आठ दिवसांपासून पुंजाजीचा उजवा गाल पेरूएवढा सुजला होता. हाक मारायला गेला की तोंडातून नुसती हवा निघायची. मेंढ्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. इकडे सोयाबीन निघालं होतं, औंढ्याकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवायला बोलावत होते. आज दाढ काढून या, नाहीतर उद्या कळप परमेश्वर नेईल, असं यशोदाबाईनं सकाळीच बजावलं होतं. चाळीस वर्षं कळपापुढं चाललेला माणूस मेहुण्याच्या मागं चालणार, हे पुंजाजीला दाढेपेक्षा जास्त ठणकत होतं.

“दवाखाना उघडा व्हता का दाजी?” परमेश्वरनं विचारलं.

“उघडा? दारं-खिडक्या काढून भिताडाला टेकवल्या व्हत्या!”

जवळा बाजारचा दातांचा डॉक्टर म्हणजे तांड्यावरच्या भीमसिंगचा योगेश. पोरगा हाताचा हलका, पण करोना आल्यापासून धास्तावलेला. पहिले तीन महिने त्यानं फोनवरच गोळ्या सांगितल्या, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. इथपर्यंत खरंच होतं. पुंजाजी तिथून पुढं निघाला.

“योगेश म्हणतो, काका, दातावर मशीन फिरली की तोंडातला फवारा घरभर उडतो, तासभर हवेत ऱ्हातो. खिडक्या काढूनबी त्याचं समाधान होईना, म्हणून वरचे पत्रे उतरवले. मी गेलो तवा खुर्चीतल्या बाईच्या तोंडात चिमणी डोकावून राहिली व्हती.”

“अंगात ते पांढरं किट घालतो म्हणे?” परमेश्वरनं विचारलं.

“तीन. एकावर एक. हातमोजे सात. माझी नाडी धरली तर त्याला मोज्याचीच लागली. तोंडाला चार मास्क, वरून काच. बोललेलं कायच ऐकू येईना, म्हणून पाटीवर लिहायचा. पण पाटी माझ्या हातात द्यायच्या आधी औषध मारून पुसायचा.”

“मग तुमाला कळायचं कसं?”

“पुसायच्या आत वाचायचं.”

परमेश्वरनं मान डोलावली. यशोदाबाई हसली नाही, रागावलीही नाही. नुसती गालाकडं बघत राहिली. पुंजाजीला ते बघणं आवडलं नाही. त्यानं जरा तोंड फिरवलं.

“गर्दी तर अशी, की आत-बाहेर कोण झालं ते समजंना. मग मीच त्याला म्हणलं, डॉक्टर, आमच्यात रोग आला की दुखणाईत मेंढी बाजूला बांधतो, बाकीच्या औषधाच्या पाण्यातून काढतो, न् काढून झालेलीच्या पाठीवर खूण म्हणून गेरू लावतो. त्यानं बराबर उचललं. दवाखान्यापुढं चर खांदला, औषधाचं पाणी सोडलं, न् एकेक माणूस गळ्यापर्यंत त्यातून काढला. एक रिटायर मास्तर तर पोहत आले.”

“न् तुमच्या पाठीवर गेरू काहून न्हाई?” यशोदाबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“जाताना लावला. येताना पुन्हा पाण्यातून काढलं, धुऊन गेला.”

“न् धोतर कोरडं?”

“अगं, दोन कोस चालत आलो ना उन्हातून!”

हे पटकन सुचलं याचं पुंजाजीला स्वतःलाच कौतुक वाटलं. त्यानं मांडी घातली.

“आता दाढ. योगेश म्हणतो, माणसापासून सहा फूट लांब ऱ्हायचा नेम हाय, न् माझा हात अडीच फूट. बसला डोक्याला हात लावून. मी म्हणलं, रडतो काहून, माझी आकडी हाय की!”

आकडी म्हणजे बाभळीचा पाला पाडायचा पुंजाजीचा लांब बांबू. ती आताही ओट्याला टेकून उभी होती.

“तिच्या टोकाला त्यानं पकड बांधली. मला खुर्चीत बसवलं, मास्क काढू देईना. मास्कलाच दाढेएवढं भोक पाडलं. स्वतः रस्त्याच्या पल्याड, हॉटेलाच्या बाकावर उभा ऱ्हायला. मधून एक ट्रॅक्टर गेला, तवर थांबला. मग आकडी आली, बराबर दाढेला बसली, न् शेंग तोडावी तशी दाढ घेऊन गेली. तकलीफ म्हणून न्हाई.”

“दाढ कुठंय मग? बघू,” परमेश्वर म्हणाला.

“चौदा दिवस वेगळी ठेवलीय. काचंच्या बरणीत. तिला ताप आला न्हाई तर देतो म्हणला.”

“न् गाल?” यशोदाबाईनं विचारलं.

“गालाला अजून खबर न्हाई लागली. उद्यापर्यंत उतरंल.” पुंजाजी उठायला लागला. “चला, सकाळी निघायचंय. कळप मोजून घेतो.”

यशोदाबाई त्याच्या आधी उठली. आठवडी बाजारात मेंढा घेताना त्याचं वय बघतात, तशी तिनं एका हातानं नवऱ्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घालून जबडा उघडला, आणि उजेडाकडं वळवला. पुंजाजीच्या तोंडून “आं” एवढंच निघालं. ती मागून पुढं एकेक दात मोजत आली.

“परमेश्वर,” ती अंगठा न काढताच म्हणाली, “सकाळी मेंढ्या तूच ने रे. दाढ जाग्यावर हाय, न् हा माणूस दवाखान्याची पायरीसुदिक चढलेला न्हाई.”