कोपऱ्यातलं स्टूल

दर गुरुवारी सकाळी सर यायचे आणि खिडकीखालच्या स्टुलावर बसायचे. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला कागद अडकवलेले, हातात बारीक टोकाची पेन्सिल. उजेड पाठीमागून आला की त्यांचा चेहरा अंधारात जायचा. तो तसा जावा म्हणूनच त्यांनी तो कोपरा निवडला होता. बाळाला चेहरा दिसला की बाळ हसतं, मग बघणाराही हसतो, आणि मग जे घडतं ते नेहमीचं घर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. चहा घ्यायचे नाहीत. ढब्बू रांगत जाऊन त्यांच्या पँटला धरून उभी राहिली तर बसल्या जागी खांबासारखे गप्प.

ढब्बू म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, पण सासूबाईंच्या मते नाव मोठं ठेवलं की पोर नावापर्यंत वाढते.

"हा पाहुणा आहे की जप्तीवाला?" पहिल्या गुरुवारी सासूबाईंनी मला आत ओढून विचारलं होतं.

"आई, संशोधन आहे ते."

"तान्ह्या पोरीचं कसलं गं संशोधन? खाते, झोपते, ओलं करते. मला विचारलं असतं तर एका दमात सांगितलं असतं."

माणसाचं पिल्लू माणसांत कसं येतं, हे सरांना पाहायचं होतं. प्रयोगशाळेत नाही, त्याच्या घरी, पहिली दोन वर्षं. निवृत्तीनंतर विभागानं त्यांना दिलेलं हे शेवटचं काम होतं. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, म्हणून माझं घर. मी हो म्हटलं त्यात मान होता, आणि दुसरंही एक कारण होतं. शिकलासवरला माणूस दर आठवड्याला माझ्या बाळाकडे दोन तास नीट बघणार होता. मला रात्रंदिवस जी धास्ती असायची, ती दोघांत वाटली जाईल असं वाटलं.

कॉलेजात मला "ए मागच्या बाकावरची" म्हणणारे सर पहिल्या दिवशी म्हणाले, "आजपासून मी तुम्हाला अहो-जाहो करणार. मी इथे नाहीच असं समजा."

"सर, सहा फुटी माणूस नाही असं कसं समजू?"

ते हसले नाहीत. काम सुरू झालं होतं.

वर्गात मात्र त्यांनी आम्हाला हसवून हसवून बेजार केलं होतं. सामाजिक शास्त्रांचा उगम आणि विकास, असा पहिल्या वर्षाचा रुक्ष पेपर. सर फळ्याला टेकून उभे राहायचे. "माणसानं आधी आकाश मोजलं. मग दगड, मग झाडं. मग बेडूक कापला. स्वतःकडे बघायला सगळ्यांत शेवटी आला. घरातल्या सुनेकडे सगळे शेवटीच बघतात, तसं!" मग कारखाने आले, माणसं गावं सोडून शहरात लोटली, शेजारचा कोण ते कळेना. आपण एकत्र का राहतो, आणि फुटतो का, याची उत्तरं तोवर राजे आणि धर्मगुरू देत. ती पुरेनात. तेव्हा हे शास्त्र जन्मलं. थोडं मोठं होताच त्याच्या लेकी भांडल्या. पैशाचं बघणारी एक, सत्तेचं बघणारी दुसरी, मनाचं तिसरी. प्रत्येकीनं वेगळी चूल मांडली. पहिले विद्वान तर खुर्चीतच बसून दूरदेशीच्या लोकांवर पोथ्या लिहायचे, प्रवाशांच्या पत्रांवरून. "मुलगी न बघता लग्न जुळवावं तसं," सर म्हणायचे. फार उशिरा कुणीतरी उठून त्या लोकांत राहायला गेलं.

सरही तरुणपणी गेले होते. दगडखाणीच्या वस्तीत वर्षभर. तिथे एक मूल तापानं फणफणलं, तेव्हा यांनी त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. झालं! वस्तीत ते साहेब होऊन बसले. त्यानंतर त्यांनी काहीही विचारलं तरी लोक त्यांना आवडेल तेच सांगू लागले. प्रबंध परत आला. वर शेरा होता : हा वस्तीचा अभ्यास नाही, लेखकाचा आहे. ही गोष्ट सर दरवर्षी रंगवून सांगायचे आणि शेवटी फळ्यावर लिहायचे : बघणाऱ्यानं हात लावू नये. परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न हमखास. मला नऊ मिळाले होते.

म्हणून सर काही बोलत नाहीत याचा मला कधी राग आला नाही. मला नियम पाठ होता.

ढब्बू शांत होती. सुरुवातीला आ-ऊ करायची, मग तेही कमी कमी होत गेलं. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरंय ना. या घरात बोलणारं माणूस कमी आहे का?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"तू मागच्या महिन्यात तिचं डोकं एका बाजूला चपटं आहे म्हणत होतीस. त्याआधी पापण्या. तुला बाळ नको, बिनचूक बाळ हवंय."

सासूबाईंनी वेगळं सांगितलं. "हा माझा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडात मूग धरून बसला होता. आता बघ, थांबतो का?"

एकदा मी गुपचूप तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. तिनं वळून पाहिलं. मी तिला उचलून इतकी आवळली की ती रडली. माझी सावली तिच्या खेळण्यांवर पडली होती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. दार ढकललं की तिला वारा लागायचा, लाकडी जमिनीवर पाय आपटला की खालून कळायचं. तिला सगळं कळायचं. तेवढं सोडून.

आणि भीती फारच दाटली की मी गुरुवारची वाट बघायची. सर दोन तास बसायचे, लिहायचे, उठायचे. जाताना मी दारात विचारायची, "ठीक आहे ना सर ती?"

"मला मत देता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," मी म्हणायची आणि हलकी होऊन घरात यायची. काही असतं तर एवढा मोठा माणूस बोललाच असता, नाही का?

त्या गुरुवारी शेजारच्या इमारतीची दुरुस्ती चालली होती. बांबूंची परांची बांधून माणसं वर चढली होती. ढब्बू खोलीच्या मधोमध पेल्यात पेला घालत बसली होती, मी कपड्यांच्या घड्या करत होते. एकाएकी बाहेर वरून पत्र्याचे तुकडे कोसळले. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. माझ्या हातातली घडी पडली. सासूबाई आतून ओरडल्या, "अरे मेले की काय कुणी?" सर स्टुलावरून अर्धे उठले.

ढब्बूनं लहान पेला मोठ्या पेल्यात घातला. बसेना, तसा काढून उलटा करून पाहिला.

"रमली की अशीच रमते ती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि कागदावर पेन्सिल टेकवली. ती पुढे सरकली नाही.

मग त्यांनी पुठ्ठा जमिनीवर ठेवला. उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले. इतक्या महिन्यांत त्यांनी कोपऱ्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, काय हवंय?" ते ताट आणि डाव घेऊन बाहेर आले, ढब्बूच्या मागे, सावली पडणार नाही अशा बाजूला उभे राहिले, आणि त्यांनी ताट बडवलं. पुन्हा बडवलं. मी कानांवर हात ठेवले.

ढब्बूनं पेला शेवटी बसवला आणि कौतुकासाठी माझ्याकडे पाहिलं.

"अगं," सर म्हणाले, "हिला ऐकू येत नाहीये."

"तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी डाव ताटात ठेवला.

"सर, कधी?"

"उन्हाळ्याच्या आधी शंका आली."

बाहेर हवेत थंडी आली होती. मी त्यांचा पुठ्ठा उचलला, त्यांच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. ताट त्यांच्या दुसऱ्या हातात तसंच होतं. सासूबाईंनी ते काढून घेतलं.

तपासणीच्या खोलीत भिंतींना गादीसारखं काहीतरी जाड लावलं होतं. तिथे आपलाही आवाज मेल्यासारखा येतो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, हळू बोलायच्या. यंत्र लावू म्हणाल्या, पुढे शस्त्रक्रियेचंही बघू, ओठ बघून समजायला, हातांनी बोलायला शिकवू. मग म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. हे महिने फार मोलाचे असतात." नवरा माझ्याकडे बघायला तयार नव्हता. जिना उतरताना म्हणाला, "तू सांगत होतीस." एवढंच. त्याची चेष्टा परत यावी, म्हणून मी त्याचा हात धरला. आली नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ढब्बूला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रोज एवढी गायले, ते..." आणि तिचे केस कानामागे सारत राहिल्या.

काही आठवड्यांनी एका गुरुवारी घंटा वाजली. सर. हात रिकामे.

"आज पुठ्ठा नाही?"

"हे घर अभ्यासातून वगळलं. मी हात लावला ना."

"बाकीची घरं?"

"ती आता दुसऱ्या कुणाकडे. मीच लिहून दिलं, माझ्या हातून हे व्हायचं नाही."

मी दारातून हलले नाही. "इतके महिने सांगायला का थांबलात?"

"एकदा दिसलं म्हणजे पुरावा नव्हे, असं वाटलं. मग पुन्हा दिसलं. मग वाटलं..." त्यांनी रिकामे हात खिशात घातले. "तू इतकी बघणारी. म्हटलं, आईला एव्हाना कळलंच असेल."

"आणि मी म्हणत होते, सरांना कळलं असतं."

जिन्यात कुणीतरी वर चढत होतं. ते माणूस पुढे गेल्यावर मी विचारलं.

"सर, त्या खाणीतल्या मुलाचं काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याच्यामुळे तुमचा प्रबंध गेला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं. "जगला तो. मोठा होऊन एकदा विभागात आला होता मला भेटायला. मी ओळखलं नाही."

"वर्गात कधी सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

तेवढ्यात माझ्या पायांशी काहीतरी लागलं. ढब्बू रांगत आली होती. कानांवर नवी यंत्रं, त्यांतलं एक ओढून काढलेलं, दोरीला लोंबकळत होतं. तिनं सरांची पँट धरली, उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. दर गुरुवारी ती असेच हात वर करायची आणि सर खांब व्हायचे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना माफ केलं नव्हतं. आजही कधी ढब्बूच्या बरोबरीची पोरं बडबडताना ऐकली की मनात उन्हाळा ते थंडी असा हिशोब सुरू होतो. पण ती हात वर करून उभी होती, आणि ती पडेल असं मला वाटलं.

मी बाजूला झाले. त्यांनी तिला उचललं. कसं उचलायचं ते त्यांना नीट येत नव्हतं. सवयीनं ते खिडकीकडे, स्टुलाकडे निघाले.

"तिथे नको," मी म्हणाले. "उजेड मागे येतो. तोंड दिसत नाही तिला. इथे, खाली बसा."

ते गुडघे वाजवत खाली बसले. उजेड तोंडावर पडला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा त्या खोलीत नीट दिसला. म्हातारा झाला होता.

"काय बोलू?" जन्मभर वर्ग गाजवलेल्या माणसानं मला विचारलं.

"काहीही. आकाश मोजलं तिथून सुरू करा."

त्यांनी सुरू केलं. पहिल्याच वाक्याला आवाज फाटला, पण ते बोलत राहिले. सासूबाईंनी न विचारता चहा आणून शेजारी ठेवला. तो तसाच निवला, त्यांचे हात मोकळे नव्हते. ढब्बूनं त्यांच्या हलत्या ओठांवर बोट ठेवलं. ते थांबले, तशी तिनं बोटानं टोचून बघितलं.