टेकडीमागचं तळं

आमच्या ऑफिसच्या नव्या नकाशात टेकडीमागे एक तळं आहे. गोड्या पाण्याचं, शेंगेच्या आकाराचं. त्याची खोली मोजायला आज आम्ही रबरी होडी डोक्यावर घेऊन सकाळपासून काट्याकुट्यांतून फिरलो. तळं सोडा, तिथे साधं डबकंही नाही! होडीवाला तर म्हणाला, "मॅडम, मी वल्हं मारू कशात?"

घरी आले ती डोक्यात राख घालूनच. बाबा निवांत मटार सोलत बसले होते. आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस! त्यांच्यासमोर नकाशा आपटला.

"सांगा, हे तळं गेलं कुठे?"

बाबांनी चष्मा वर सरकवला आणि चक्क हसले. "अगं, हे तर माझं! असं तळं नाहीच मुळी. माझ्या जुन्या नकाशात मी ते मुद्दाम घातलं होतं. कुणी नकाशा जसाच्या तसा उतरवला, तर चोर पकडता यावा म्हणून."

"कमाल करता बाबा! इथे आमच्या पायांचे तुकडे पडले. आधी सांगायचंत ना!"

"सांगणार होतो गं." बाबांनी पुढची शेंग फोडली. "पण तूच म्हणाली होतीस, या नकाशातलं प्रत्येक तळं तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंय."