गाळावरची वाट

रोस्नाएनीने बेटावरचा नवरा केला तो समजून-उमजूनच. मधे समुद्र असला की आई फार तर ईदेला येईल, असा तिचा अंदाज. नऊ वर्षं तो खरा ठरला. मग आईच्या गावच्या नदीच्या वरच्या अंगाचं जंगल तुटलं आणि दोन पुरांनी बोनेच्या आखातात एवढा गाळ आणून ओतला की ओहोटीला नदीच्या मुखापासून बेटापर्यंत चिखलाची वाटच उघडी पडू लागली. तेव्हापासून तिची आई, सित्ती हावांग, चार दिवसांआड दारात हजर.

"हे कपुरुंग की खळ? सागू असा शिजवतात? आणि पोरं अशी वाळली का?"

ओहोटी लागली की रोस्नाएनीचं कशात लक्ष लागेना. विणायचं जाळं टाकून ती पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर जाई. शेवटी तिने थाप मारली, "उद्या येऊ नकोस. आम्ही सगळे नणंदेकडे चाललोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा बहारुद्दीन ओरडला, "अगं, सासूबाई येतायत!"

आई वाटेच्या मधोमध होती. बघता बघता ती खाली बसली. बसली ती उठेचना. पाणी तर फिरलं होतं. होडी घालायला ते कमी, आणि थोड्या वेळाने चालायला जास्त. रोस्नाएनी सारोंग खोचून धावली.

"आई, ऊठ! वेड लागलंय का?"

"कोंबड्यांना दाणे टाकायला निघाले होते. घरी कोणी नाही म्हणालीस ना? इथवर आले आणि तुझ्या चुलीचा धूर दिसला."

"मग मागे फिरायचंस."

"पायच उचलेनात."

काखेत हात घालून तिने आईला ओढत आणलं. बेटाला लागेतो पाणी छातीला भिडलं. भरती पुरती चढल्यावर बहारुद्दीनने सासूला होडीने घरी पोचवलं.

त्यानंतर ती आलीच नाही. चिखलावर बगळा हलला तरी रोस्नाएनी उठून उभी राही.

"बस की एका जागी," नवरा म्हणाला. "तुला हवं होतं तेच झालं ना?"

दहाव्या दिवशी केळीच्या पानात मासे बांधून ती स्वतःच निघाली.

आईने दारातूनच विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाही. मीच आले."

"पाय धू आधी. घरभर चिखल करशील."

रोस्नाएनी पाय धुऊन बसली, पण वाट बुडायच्या आत परत निघता यावं म्हणून तिची नजर पाण्याकडेच होती.