सामानात टाकलेला गळा

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. माझी काच धड आहे, कोपरे शाबूत आहेत, पण मी सुरू होत नाही आणि माझ्या अंगाला ऑलिव्हच्या तेलाचा वास येतो. हसू नका. त्या वासापायी एका म्हाताऱ्याचा आवाज गेला.

माझा धनी नायफ. जॉर्डनमधल्या इरबिद गावच्या बसस्टँडवर तो गाड्या पुकारायचा. "अम्मान! अम्मान! दोन सीट, दोनच सीट!" गाडी रिकामी असली तरी दोनच सीट! पुढे त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. तेव्हा त्याच्या लेकीने, रिहाबने, मला विकत आणलं आणि ऑपरेशनच्या आधी बापाकडून रोजची वाक्यं माझ्यात बोलून घेतली. एकेका चित्रावर बोट ठेवलं की नायफचाच खणखणीत आवाज यायचा. "दार लाव, थंडी येते." "चहात साखर दोनच चमचे." शेजारीपाजारी मुद्दाम ऐकायला यायचे. त्या दिवसांत माझा काय थाट होता!

एक वाक्य मात्र तो रिहाबला खोलीबाहेर पाठवून बोलला होता. "मुतसिम, भावा, मी चुकलो. तू माझाच आहेस."

मुतसिम त्याचा धाकटा भाऊ. वडिलांच्या मयताला तो अमेरिकेहून एक दिवस उशिरा पोचला, तेव्हा नायफने चार लोकांत त्याला सुनावलं होतं, "तू माझा भाऊ नाहीस." नऊ वर्षं दोघांत अबोला. आता मुतसिम आजाराने अंथरुणाला खिळला होता आणि त्याची दृष्टीही गेली होती. फोनवर तो म्हणाला, "रिहाब, तुझा बाप मुका, मी आंधळा. कसं जमायचं गं आमचं?"

"काका, बाबांचा आवाज आहे माझ्याकडे. आत्ता ऐकवते, थांबा!"

नायफने मला तिच्या हातातून हिसकावलं आणि कागदावर लिहिलं, "माफी फोनवर मागत नाहीत. दारात जायचं, पुढे आलेली कॉफी खाली ठेवायची, आणि यजमान 'पी' म्हणेपर्यंत, म्हणजे माफ करेपर्यंत, शिवायची नाही."

"निदान मोबाइलवर उतरवून तरी घेते," रिहाब म्हणाली.

त्याने लिहिलं, "आवाज काय लोणचं आहे, बरण्या भरून ठेवायला?"

मित्रांनो, त्याची चूक झाली. पण रीतीपुढे त्या माणसाला काही दिसत नसे.

अमेरिकेला निघताना त्याच्या बायकोने, नजलाने, बॅगेत घरच्या झाडांच्या तेलाचा डबा कोंबला. "दिराकडे रिकाम्या हाताने जाता? लोक तोंडात शेण घालतील!" डब्याच्या तोंडाला तिने चिकटपट्टीचे चार फेरे दिले.

विमानतळावर आम्हाला अडवलं. तपासनीस म्हणाला, "हाजी, नवा नियम आलाय. मोबाइलपेक्षा मोठं यंत्र विमानात सोबत चालणार नाही. बॅगेत टाका."

पोचवायला आलेली रिहाब कळवळून म्हणाली, "अहो, हे यंत्र नाही, त्यांचा गळा आहे!"

नायफने घाईघाईने माझ्यावर बोट दाबलं, ते भलत्याच चित्रावर. "दार लाव, थंडी येते," मी ओरडलो. रांग खो खो हसली. नायफचे कान लाल झाले.

तपासनीस हळू आवाजात म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं हो." त्याने मला कपड्यांच्या घडीत, तेलाच्या डब्याला खेटून ठेवलं. नियम कशासाठी होता, मला माहीत नाही. कुणाच्या तरी जिवाच्या काळजीनेच केला असेल. पण त्या बॅगेच्या अंधारात डबा झिरपू लागला आणि तेल माझ्या फटींतून आत शिरलं, तेव्हा मी नियमाला आणि नजलाच्या चिकटपट्टीला, दोघांनाही शिव्या दिल्या.

बॅग तीन दिवस उशिरा पोचली. तोवर नायफ भावाच्या उशाशी मुका बसून होता; माफी कागदावर लिहून दुसऱ्याच्या तोंडून वदवणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. सुहैर, मुतसिमची बायको, रोज ताजी कॉफी ठेवायची आणि रोज थंड झालेली उचलून न्यायची. बॅग आली तशी त्याने मला बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं आणि भावाच्या कानाशी धरलं.

मी जिवाचं रान केलं, मित्रांनो. काच एकदा उजळली. नायफने त्या चित्रावर बोट ठेवलं. आतून नुसती खरखर आली आणि मी विझलो. तो दाबतच राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडत होतं.

मुतसिमने चाचपडत भावाचं मनगट धरलं. "ऐकलं, दादा," तो म्हणाला. "सगळं ऐकलं. पी आता कॉफी."

नायफने पेला तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी मुतसिम गेला. सुहैर सगळ्यांना सांगत होती, "भावाचा आवाज ऐकून शांतपणे गेले हो." नायफ मान हलवायचा. मी काहीच बोललो नव्हतो, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, आमच्यातलं मोलाचं चार ठिकाणी उतरवून ठेवा. पण ज्याला "भावा" म्हणायचं आहे, त्याला आमच्या भरवशावर ठेवू नका. गळा आहे तोवर स्वतः जाऊन म्हणा.