डोळे मिटा, दादा येतील

फोटो स्टुडिओत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला होता, समोरचा चष्मेवाला दुकान उघडं टाकून आला होता आणि पासपोर्टचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं उगाच अडकलं होतं. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. त्यात म्हणे माझा वारलेला दादा येत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. स्टुडिओत मात्र माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. घसा कोरडा करून मी सांगायचो, यामागे काहीतरी कारण असणार. काय, ते मलाही सापडत नव्हतं, म्हणून चिडचिड आणखी.

"भाऊजी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," वहिनी म्हणायची.

पाहिलं होतं ते खरंच होतं. दिवसा या मशीनवर वहिनी बिलं करायची आणि संध्याकाळी ती घरी गेली की दादा फोटो सुधारत बसायचा. त्यामुळे त्याचा पडदा तिने कधी पाहिलाच नव्हता. तो गेल्यावर एका सकाळी तिने मशीन सुरू केलं, भिंतीवरची त्याची तसबीर पुसली आणि वळून पाहते तो नेहमीचा पडदा गायब. त्या जागी काउंटरवर डोकं टेकून झोपलेली ती स्वतः. हा फोटो कधी काढला, तिला माहीत नव्हतं. घाबरून मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर तिचा पडदा परत आला, पण घड्याळ काही तास मागे पडलेलं. मशीन सुरू करून ती तसबिरीकडे वळली, की हे घडायचं.

"आठवण काढली की येतात," शिंप्याने निदान केलं. गल्लीभर व्हायला तेवढं पुरलं.

मग त्या सकाळी, यंत्रात अडकलेले आत्मे सोडवणारे संगणकमहाराज अवतरले. "ताई, देह म्हणजे डबा, आत्मा म्हणजे डेटा. डबा फुटला की डेटा वर जातो. यांना तिथलं नेटवर्क मिळालं नाही, म्हणून इथे अडकलेत." माना डोलल्या. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"ताई तसबिरीसमोर उभ्या राहतील. बाकीच्यांनी डोळे मिटा," असं म्हणून महाराजांनी मशीन सुरू केलं.

मी डोळे मिटले नाहीत. माझं सगळं संशोधन एवढंच. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या, खाली आकडे उलटे सरकले आणि कुणी हात न लावता वरची ओळ आपोआप उघडली. महाराजांचेही डोळे उघडेच होते.

"पाहा, आले."

झोपलेली वहिनी पडद्यावर होती. चष्मेवाल्याला हुंदका फुटला.

महाराजांनी मशीन पुन्हा सुरू केलं, गर्दीकडे पाठ करून दोन बटणं दाबून वहिनीचा नेहमीचा पडदा आणला आणि एका कप्प्यावर टिचकी मारली. चौकट आली: हा भाग वाचता येत नाही, वापरण्याआधी फॉर्मॅट करायचा का?

"मशीन स्वतः शुद्धी मागतंय. हो म्हणा, ताई. ते सुटतील, पुन्हा कधी येणार नाहीत."

वहिनीचं बोट माउसवर गेलं. मी तिचं मनगट धरलं. "वहिनी, मशीन सुरू केल्यावर तुम्ही काय करता?"

"ह्यांनी शिकवलंय तसं. एकदा खालचा बाण, मग एंटर."

"कशासाठी?"

"कधी विचारलं नाही. सुरू करायची रीतच ती, असं वाटायचं."

"आणि तसबीर पुसायला वळलात की?"

ती थांबली. "तेव्हा राहून जातं."

मी गर्दीकडे वळलो. "एका खोलीत मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं ठेवावीत, तशा दादाने एकाच डिस्कमध्ये दोन सिस्टिम ठेवल्यात. वरची त्याची, खालची वहिनीची. बाण दाबला नाही, तर त्याची उघडते. मशीनच्या आतलं घड्याळ दोन्ही सिस्टिम वेगवेगळ्या हिशेबाने वाचतात, म्हणून वेळ चुकते. आणि त्याचा कप्पा वहिनीच्या सिस्टिमला वाचता येत नाही, म्हणून ती सिस्टिम तो पुसायला निघालीय. पुसला असता, तर दादा खरंच पुन्हा दिसला नसता, आणि शुद्धीचा गुण म्हणून नाव झालं असतं यांचं."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," महाराज म्हणाले.

"मग तुम्ही डोळे का मिटले नाहीत?"

त्यांना दुसरीकडे जायचं आठवलं.

"पण थोडेसे तरी येत असतील ना?" चष्मेवाल्याने विचारलं. मी हात टेकले.

वहिनी मात्र माझ्याकडेच बघत होती. "म्हणजे हे येत नव्हते."

"नाही, वहिनी."

जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिने चौकट बंद केली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून त्या दोन ओळींकडे पाहत राहिली. वरची उघडली. आत दादाने काढलेले सगळे फोटो होते: गिऱ्हाइकांचे, रस्त्याचे, आणि वहिनीचे, तिच्या नकळत काढलेले.

"हे सगळं मी माझ्या हाताने पुसणार होते," ती म्हणाली आणि मग खूप रडली.

माणूस गेला की डोळे भरून येतात, त्यात चूक काहीच नाही. पण कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर मिटू नका. आणि "हो" म्हणण्याआधी, त्याने काय होईल, एवढं तरी विचारा.

दुसऱ्या दिवशी वहिनीने आधी तसबीर पुसली आणि मग मशीन सुरू केलं. दोन ओळी उमटल्या तेव्हा ती पडद्यासमोरच होती.